घोडा, गोम आणि वंशावळ

घोड्यांच्या लिलावाचा कॅटलॉग हा एक वाङ्मयप्रकार आहे आणि त्याची नीट समीक्षा कोणी केलेली नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे. पेशाने मी सॉफ्टवेअरवाला. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचायचा आणि त्यात काय लिहायचं राहून गेलंय ते शोधायचं, हे माझं रोजचं काम. त्याच सवयीने मी हे कॅटलॉग वाचायला लागलो. ते इंटरनेटवर फुकट मिळतात. रात्री झोप आली नाही की मी न्यूमार्केटला किंवा केंटकीत विकायला काढलेल्या, माझ्या सात पिढ्यांना न परवडणाऱ्या शिंगरांची पानं वाचत बसतो.

एका पानावर एक शिंगरू. वर तीन पिढ्यांचा आडवा वंशवृक्ष. त्याखाली मजकूर, आणि तो मजकूर फक्त आयांचा असतो: आधी आई, मग आईची आई, मग तिची आई. प्रत्येकीने किती शर्यती मारल्या, तिच्या पोटी कोण जन्मलं, त्यांनी काय मारलं. मोठ्या दर्जाची शर्यत जिंकलेल्याचं नाव ठळक आणि मोठ्या अक्षरांत. तशा शर्यतीत नुसता दुसरा-तिसरा आलेल्याचं नाव ठळक, पण लहान अक्षरांत. बाकीचे साध्या टायपात, आणि ज्यांचं काहीच झालं नाही ते बहुधा नाहीतच. घोडेवाल्यांच्या भाषेत याला ‘ब्लॅक टाइप’ म्हणतात, आणि लिलावातली बोली बऱ्याच अंशी या शाईवर लागते.

मजा अशी की पान एकच असतं आणि ते भरायचं असतं. आईने चांगली पोरं दिली असतील तर आईच पान भरून टाकते, आजीला दोन ओळी मिळतात. आईचं काही सांगण्यासारखं नसेल तर मजकूर घसरत आजीवर जातो, आजीही बेताची निघाली की पणजीवर, आणि मग पानाच्या तळाशी एखादा पन्नास वर्षांपूर्वीचा डर्बीविजेता ठळक अक्षरांत उभा असतो. खापरपणजोबा पेशव्यांच्या दरबारात होते असं सांगणाऱ्या माणसाची आपल्याला लगेच ओळख पटते, तसंच हे. पान वाचायची खरी रीत म्हणजे पहिलं ठळक नाव किती खाली आहे ते बघायचं. पण ते ठळक नाव डोळ्यांत इतकं भरतं की त्याच्या आजूबाजूला किती भावंडं गाळली आहेत हा प्रश्न सुचतच नाही.

घोड्यांत ‘सावत्र भाऊ’ म्हणजे आई एक आणि बाप वेगळे. बाप एक असणं हे नातंच धरत नाहीत. कारण उघड आहे. नामांकित स्टॅलियन एका मोसमात शंभराहून जास्त घोड्यांना लावतात, घोडीला मात्र वर्षाला एकच शिंगरू. बापाकडून मोजायला गेलं तर अर्धी शर्यत भावंडांचीच निघेल. मराठीत आपण ‘सावत्र’ म्हटलं की बहुतेकदा एक बाप आणि दोन आया डोळ्यांसमोर आणतो. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांत तर आईकडची बाजू जवळजवळ नसते. मुलीच्या नावापुढे तिचं सासर लिहिलं की तिची फांदी तिथे संपली. घोड्यांनी आयांचा हिशोब आपल्यापेक्षा बरा ठेवला म्हणायचा.

कुलवृत्तांताचा विषय मी उगाच काढलेला नाही. आमच्या कुळाचा एक आहे, जाडजूड, आजोबांच्या कपाटातला. त्यात आजोबांच्या नावापुढे शिक्षण, नोकरी, गावच्या देवळाला दिलेली देणगी असं सगळं मिळून सात ओळी आहेत. त्यांच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे आमच्या बापूआजोबांच्या नावापुढे एकच शब्द आहे: अविवाहित. बापूआजोबा परळच्या एका गिरणीच्या ऑफिसात कारकून होते आणि रविवारी महालक्ष्मीला रेसला जायचे. पावसाळ्यात मुंबईचा मोसम संपून रेस पुण्याला गेली की तिथे. पणजीच्या पाटल्या त्यांनी गहाण टाकल्या आणि त्या सुटल्या नाहीत, हे घरात अजूनही खालच्या आवाजात सांगतात. मला ही गोष्ट गोड करून सांगायची नाही, पाटल्या गेल्याच. पण ते वारले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत अकरा वह्या निघाल्या. रद्दीत जाता जाता राहिलेल्या त्या वह्या आता माझ्याकडे आहेत. त्यांच्याबद्दल पुढे.

आधी डर्बीकडे वळू, कारण वंशावळीचा सगळा बाजार तिथे येऊन थांबतो. इंग्लंडमध्ये सपाट, म्हणजे अडथळे नसलेल्या शर्यतींतल्या पाच ‘क्लासिक’ मानतात. न्यूमार्केटच्या दोन गिनी एक मैलाच्या, एप्समची ओक्स आणि डर्बी दीड मैलाच्या, आणि डॉन्कास्टरची सेंट लेजर पावणेदोन मैलांहून थोडी जास्त. पाचही फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी. १७८० साली पहिली डर्बी झाली तेव्हापासून हा नियम आहे: प्रत्येक घोड्याला आयुष्यात एकदाच संधी. त्यात एप्समचं मैदान विचित्र. पहिला अर्धा भाग चढाचा, मग टॅटनहॅम कॉर्नरपर्यंत डावीकडे वळत जाणारा उतार, आणि शेवटची सरळ पट्टी आतल्या कठड्याच्या बाजूला कललेली.

जूनच्या सुरुवातीला या मैदानावर उभ्या राहणाऱ्या बहुतेक घोड्यांनी तोवर मोजक्या शर्यती पळलेल्या असतात, आणि दीड मैल तर त्यांतले बरेचसे कधीच पळलेले नसतात. समीक्षेची अडचण इथे सुरू होते. सहा वर्षांच्या, चाळीस शर्यती खेळलेल्या घोड्याची आजी कोण हे कोणी विचारत नाही, त्याचा इतिहास समोर असतो. डर्बीच्या घोड्याचा इतिहास नसतो, म्हणून आपण त्याच्या बापाचा वाचतो. आमच्या धंद्यात याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. ॲपवर नवा माणूस आला, त्याने अजून काही पाहिलेलं नाही, तर त्याला काय दाखवायचं? मग त्याच्यासारखे दिसणारे लोक काय पाहतात ते दाखवायचं. तात्पुरती सोय म्हणून हे ठीक आहे. माणसाने चार गोष्टी पाहिल्या की तो अंदाज टाकून द्यायचा असतो. वंशावळीची गोम अशी की तो अंदाज कोणी टाकत नाही. घोडा जिंकला तर रक्तामुळे जिंकला, हरला तर रक्तात आपल्याला न दिसलेलं काहीतरी होतं.

गोम हा शब्दही मुळात घोड्याचाच. घोड्याच्या अंगावर केसांची जी उलट फिरलेली रेघ असते ती गोम. ती कुठे आहे, कोणत्या दिशेला जाते, भोवरे किती आणि कुठे, यावरून घोडा मालकाला लाभेल की बुडवेल हे आपल्याकडचे अश्वपरीक्षक सांगत. आज ‘खरी गोम इथेच आहे’ म्हणताना आपल्याला घोडा आठवत नाही, पण घोडा घेणाऱ्याची ती भीती शब्दात शिल्लक आहे: वरून सगळं छान दिसतंय, पण कुठेतरी एक रेघ असेल. वंशावळीचं पान वाचणारे रेघच शोधत असतात.

याचा सगळ्यात चांगला नमुना १९४७ सालच्या डर्बीत सापडतो, आणि त्यात एक घोडा आपल्या ओळखीचाही आहे.

त्या वर्षी टूडर मिन्स्ट्रेल नावाच्या घोड्याने दोन हजार गिनी आठ लांबींनी मारली. अशा शर्यतीत आठ लांबी म्हणजे बाकीचे दुसरीच शर्यत पळत होते म्हणायचं. डर्बीला त्याचा भाव चारास सात होता, म्हणजे सात पाउंड लावले तर जिंकल्यावर नफा चार पाउंडांचा. स्वार गॉर्डन रिचर्ड्स, त्या काळचा इंग्लंडचा सर्वांत मोठा जॉकी, ज्याला डर्बी मात्र अजून एकदाही मिळाली नव्हती. शंका एकच होती: मैलाचा घोडा दीड मैल टिकेल का? त्याचं उत्तर लोकांनी पानावर शोधलं. पान काय सांगत होतं? बाप ओवेन टूडर, १९४१चा डर्बीविजेता. आईचा बाप सॅन्सोव्हिनो, १९२४चा डर्बीविजेता. आईच्या आईचा बाप सन-इन-लॉ, लांब पल्ल्याच्या घोड्यांचा नावाजलेला जनक. याहून चिवट कागद कोणाला हवा?

टूडर मिन्स्ट्रेल चौथा आला. सुरुवातीपासून तो लगामाशी भांडत होता, रिचर्ड्सला तो धड आवरलाच नाही. पुढे सव्वा मैलाच्या एक्लिप्समध्येही तो हरला; मैलावर परतला तेव्हा जिंकला. मग पान पुन्हा वाचण्यात आलं. आणि त्याच पानावर उत्तर सापडलं! पणजी लेडी जोसेफीन. भयंकर वेगाची घोडी. तिची मुलगी मुमताज महल तर त्याहून वेगवान, आगाखानांची प्रसिद्ध करडी. म्हणजे आईच्या फांदीत वेग भरलेला होताच, मग दीड मैल कसा टिकणार?

इथे जरा थांबू. पान तेच, नावं तीच, एकही अक्षर बदललेलं नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याच पानाने दमसास सिद्ध केला आणि दुसऱ्या दिवशी दमसासाचा अभाव. तीन पिढ्यांत चौदा पूर्वज, चार पिढ्यांत तीस. तीस नावांत तुम्हाला हवी ती गोष्ट सापडणारच. आम्ही याला ओव्हरफिटिंग म्हणतो: उत्तर हातात असताना कोणतंही मॉडेल बरोबर येतं. कसोटी एकच, उत्तर कळायच्या आधी लिहून ठेवायचं.

आता जिंकणारा बघा. पर्ल डायव्हर, फ्रान्सहून आलेला, भाव एकास चाळीस. कोणाच्या खिजगणतीत नाही. आणि त्याचं पान? आई पर्ल कॅप, जिने १९३१ साली पॅरिसची आर्क द त्रिओंफ जिंकली होती, युरोपातली दीड मैलाची सगळ्यात मोठी शर्यत. आर्क जिंकणारी ती पहिली तीन वर्षांची मादी. बाप व्हाटेलॉर, ज्याचा दुसरा मुलगा माय लव्ह पुढच्याच वर्षी, १९४८ साली डर्बी जिंकणार होता. दीड मैलाला याहून सरळ कागद त्या मैदानात शोधून सापडला नसता. तो लपवलेला नव्हता. पण टूडर मिन्स्ट्रेलच्या आठ लांबींनी सगळ्यांचे डोळे दिपले होते आणि वंशावळ ही त्या दिपण्याला पुरावा म्हणून जोडायची गोष्ट झाली होती. वंशावळ वाचणाऱ्यांवर माझा मुख्य आक्षेप हाच. ते ती उगाच वाचतात असं मी म्हणत नाही. ते ती निकाल ठरवल्यावर वाचतात.

त्या शर्यतीत दुसरा आला आगाखानांचा मिगोली आणि तिसरा आला सयाजीराव. हो, आपलेच सयाजीराव. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ साली हे शिंगरू २८,००० गिनींना घेतलं. ब्रिटनमध्ये तोवर कोणत्याही वर्षाच्या शिंगरासाठी एवढी किंमत मोजली गेली नव्हती. त्याला नाव दिलं ते आजोबांचं. किंमत कशाची? त्याचा सख्खा भाऊ दान्ते त्याच वर्षी डर्बी जिंकला होता. बाप नेआर्को, आई रोझी लेजंड, दोघांचं पान अक्षरशः एक. महाराजांनी पान विकत घेतलं आणि पानाने बऱ्यापैकी पैसे फेडले. सयाजीराव दोन हजार गिनीत तिसरा, डर्बीत तिसरा, पण आयरिश डर्बी जिंकला आणि अंतर वाढल्यावर सेंट लेजरही. दान्तेला जे दीड मैलावर साधलं ते त्याच्या भावाला अजून पाव मैल पुढे गेल्यावर. एकाच पानावरचे दोन घोडे.

हे असं का होतं याचं एक उत्तर आता प्रयोगशाळेत आहे. २०१० साली डब्लिनच्या एमेलिन हिल यांच्या गटाने दाखवलं की स्नायूंची वाढ रोखणाऱ्या मायोस्टॅटिन या जनुकात एका ठिकाणी सी किंवा टी असं अक्षर असतं, आणि घोड्याकडे त्यांची जी जोडी असेल तिचा त्याच्या अंतराशी स्पष्ट संबंध असतो. सी-सी वाले कमी पल्ल्याचे आणि लवकर तयार होणारे, टी-टी वाले लांब पल्ल्याचे, सी-टी मधले. आता समजा आई आणि बाप दोघेही सी-टी आहेत. त्यांच्या चार पोरांत सरासरीने एक सी-सी, दोन सी-टी, एक टी-टी. चौघांचं कॅटलॉगमधलं पान मात्र हुबेहूब सारखं. पान आईबापांकडे काय होतं ते सांगतं, या पोराच्या वाट्याला त्यातलं काय आलं ते नाही. दहावीच्या पुस्तकातला मेंडेल इथे पुरतो, पण लिलावात हात वर करताना मेंडेल कोणाला आठवतो?

तरी पान अगदीच टाकाऊ नाही. अंतराच्या बाबतीत ते उपयोगी आहेच, आणि तिथे मी घोडेवाल्यांच्या बाजूने आहे. घोडा बारा फर्लांग टिकण्याची शक्यता किती, एवढाच प्रश्न विचाराल तर आईबाप काहीतरी सांगतात. पण ‘टिकेल’ हा शब्द ‘जिंकेल’ कधी होतो ते लिहिणाऱ्याला कळत नाही. २००८ साली विल्सन आणि रॅम्बो या दोन संशोधकांनी घोड्यांच्या आयुष्यभराच्या कमाईचा हिशोब मांडला. त्यातल्या फरकाचा साधारण दहावा हिस्साच आनुवंशिकतेवर टाकता येतो, आणि स्टॅलियनची फी हा चांगल्या जनुकांचा भरवशाचा पुरावा नाही, असं त्यांना आढळलं. बाकीचा हिस्सा चारा, ट्रेनर, मैदान, जॉकी, नशीब, आणि पैसा. मोठ्या पैशाची शिंगरं मोठ्या ट्रेनरकडे जातात हे त्यात आलंच.

गॅलिलिओचं उदाहरण या दृष्टीने अवघड आहे. स्वतः २००१चा डर्बीविजेता. आई अर्बन सी, १९९३ची आर्कविजेती. त्याच आईच्या पोटी पुढे सी द स्टार्स झाला, ज्याने २००९ साली दोन हजार गिनी, डर्बी आणि आर्क तिन्ही मारल्या, आणि त्याचा बाप केप क्रॉस मैलाचा घोडा होता. गॅलिलिओच्या पोरांनी पाच डर्बी जिंकल्या. इतक्या दुसऱ्या कोणत्याही स्टॅलियनच्या नावावर नाहीत. यात रक्त नाही म्हणणं आडमुठेपणा होईल. पण निवडक घोड्या त्याच्याकडे जात होत्या, त्यांची पोरं बऱ्याच प्रमाणात एडन ओब्रायनच्या तबेल्यात जात होती, आणि ओब्रायन एकेका डर्बीत पाच-सहा घोडे उतरवतो. त्याच्या स्वतःच्या डर्बी आता अकरा झाल्या. रक्त, तबेला आणि संख्या यांची ही गुंतवळ नुसत्या विजेत्यांच्या यादीवरून सुटत नाही. किती पळले आणि त्यांतले किती हरले हे मांडावं लागतं, आणि ठळक अक्षरांत तेच नसतं.

यावरून डोसेजची आठवण होते. वंशावळीला आकड्यांत बसवण्याचा हा सगळ्यात महत्त्वाकांक्षी प्रयत्न. सुरुवात केली फ्रेंच घोडदळातल्या कर्नल व्हुइये यांनी, विसाव्या शतकाच्या आरंभी. त्याच्याही आधी ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस लो यांनी घोड्यांच्या मातृकुळांना क्रमांक दिले होते, कोणत्या कुळातून किती क्लासिक विजेते आले ते मोजून. म्हणजे जे जिंकले ते पहिल्या क्रमांकाचे, आणि पहिल्या क्रमांकाचे म्हणून ते जिंकतात. असो. डोसेज पुढे अमेरिकेत स्टीव्हन रोमन यांनी आजच्या रूपात आणला. पद्धत अशी: काही थोर स्टॅलियनांची एक यादी करायची. त्यांना वेगाकडून दमसासाकडे जाणाऱ्या पाच कप्प्यांत टाकायचं. मग घोड्याच्या चार पिढ्यांत यातले कोण सापडतात ते बघून पहिल्या पिढीला १६, दुसरीला ८, तिसरीला ४, चौथीला २ असे गुण द्यायचे. मधल्या कप्प्याचे गुण निम्मे-निम्मे दोन्हीकडे वाटून, वेगाच्या गुणांना दमसासाच्या गुणांनी भागायचं. आलेला आकडा ४च्या वर गेला तर तो घोडा सव्वा मैलाची केंटकी डर्बी जिंकणार नाही.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ते फार आवडलं. स्वच्छ नियम, कोणालाही करता येणारा हिशोब, आणि अनेक दशकांत एकही अपवाद नाही. मग १९९१ आलं. स्ट्राइक द गोल्ड नावाच्या घोड्याचा आकडा होता ९, आणि तो केंटकी डर्बी जिंकला. त्याचा बाप ॲलिडार यादीत नव्हता. नंतर ॲलिडारला यादीत घेतलं गेलं. बापाचे १६ गुण मोजले जाताच स्ट्राइक द गोल्डचा आकडा ४च्या खाली आला, आणि नियम पूर्वलक्षी प्रभावाने पुन्हा खरा झाला.

आमच्या टीममध्ये एखाद्या पोराने टेस्ट फेल होतेय म्हणून अपेक्षित उत्तरच बदलून ती हिरवी केली, तर मी त्याला बाजूला घेऊन समजावतो. रोमन यांच्या बाजूने एवढं म्हणता येईल की यादीत भर घालणं हा पद्धतीचा भागच आहे. स्टॅलियनचा प्रभाव त्याची पोरं पळल्यावरच कळतो. खरं आहे. पण मग जुन्या सगळ्या विजेत्यांचे आकडेही नंतर बनलेल्या यादीने काढलेले आहेत हे मान्य करायला हवं, आणि ‘अनेक दशकांत अपवाद नाही’ या वाक्याची किंमत त्या मानाने कमी करायला हवी. पुढेही ४च्या वरचे घोडे जिंकत राहिले, आणि डोसेजचं नाव लेखांतून हळूहळू मागे पडलं.

बाजाराचे निकाल तर याहून मजेशीर. नेआर्कोचा नातू नॉर्दर्न डान्सर वर्षाचा असताना विक्रीला काढला, तेव्हा २५,००० डॉलरना कोणी घेतला नाही. तो १९६४ची केंटकी डर्बी जिंकला आणि विसाव्या शतकातला सगळ्यात प्रभावी स्टॅलियन झाला. मग १९८३ साली त्याचाच एक मुलगा, स्नाफी डान्सर, १ कोटी २ लाख डॉलरना गेला; तो एकही शर्यत पळला नाही आणि प्रजननातही जवळजवळ निरुपयोगी ठरला. गोल्डन हॉर्नला लिलावात अपेक्षित भाव आला नाही म्हणून मालकाने तो घरी नेला. दीड मैल टिकेल असं त्याच्या मालकालाही कागदावरून वाटत नव्हतं, डर्बीला त्याचं नावच घातलेलं नव्हतं. शेवटी ७५,००० पाउंड भरून ऐनवेळी प्रवेश घेतला आणि २०१५ची डर्बी तो आरामात जिंकला. तेव्हा प्रवेश घ्यायला लावलं ते त्याच्या पळण्याने, पानाने नव्हे.

आपल्याकडे चांगल्या घोड्याला ‘जातिवंत’ म्हणतात, आणि हा शब्द गायकापासून आंब्यापर्यंत कशालाही लावतात. मीही लावायचो. हल्ली लावताना अडखळतो. मागच्या वर्षी आमच्याकडे भरती होती. मी दोनेकशे रेझ्युमे चाळले, आणि माझा डोळा पहिल्यांदा कुठे जातो हे माझ्या लक्षात आलं: कॉलेजच्या नावावर. नव्याने पास झालेली पोरं, इतिहास नाही, म्हणून कॉलेज. कोल्ड स्टार्ट. एवढ्यावर थांबलो असतो तर चाललं असतं. पण मुलाखतीत साध्याशा गावच्या कॉलेजच्या मुलीने माझ्यासमोर तो कोड लिहून दाखवल्यावरही मी सहकाऱ्याला म्हणालो, ‘चांगलीये, पण कॉलेज बघ ना.’ म्हणजे घोडा डोळ्यांसमोर पळत होता आणि मी पान वाचत होतो. आम्ही तिला घेतलं नाही.

बापूआजोबांच्या वह्या मी त्यानंतर नीट वाचल्या. प्रत्येक पानावर हाताने आखलेले रकाने: घोडा, बाप, आ. बा. (म्हणजे आईचा बाप), अंतर, अंदाज, निकाल. अंदाज निळ्या शाईत आणि निकाल लाल शाईत. निळं कुठेही खोडलेलं नाही. चुकलं तर चुकलं, शेजारी लाल. कुठे कुठे एक शब्द: ‘आपटला’. मी चार वह्या एक्सेलमध्ये भरल्या. कोण जिंकणार या बाबतीत त्यांचा हिशोब सपशेल तोट्याचा आहे, फेव्हरिटवर डोळे मिटून पैसे लावणाराही एवढाच बुडाला असता. पण ‘१६०० मीटरच्या पुढे दम नाही’, ‘२४००ला बघू’ असल्या शेऱ्यांत ते पुष्कळदा बरोबर आहेत. वंशावळीकडून जेवढं मिळू शकतं तेवढं त्यांना मिळालं होतं. ते त्यावर पैसे लावत नव्हते, ते दुसऱ्याच गोष्टीवर लावत होते.

नव्वदीनंतरच्या वह्यांत बापाच्या रकान्यात एक नाव पुन्हा पुन्हा येतं: रझीन. नॉर्दर्न डान्सरचा मुलगा, १९९०च्या एप्सम डर्बीचा फेव्हरिट. त्या दिवशी तो मागच्या घोळक्यात कुठेतरी हरवला आणि डर्बी क्वेस्ट फॉर फेमने मारली. इंग्लंडच्या हिशोबाने रझीन फुकट गेला. म्हणून तो भारतात आला, उषा स्टडमध्ये उभा राहिला आणि वर्षानुवर्षं इथला अव्वल स्टॅलियन ठरला. कागद खोटा नव्हता म्हणायचा. जे त्याच्यात उतरलं नाही ते त्याच्यातून पुढे गेलं. बापूआजोबांनी एका वहीच्या आतल्या कव्हरवर लिहून ठेवलंय: ‘रझीन. एप्समला आपटला. पोरं बघत राहायची.’

आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघणार आहे. माहितीचा फॉर्म व्हॉट्सॲपवर आला, आणि घरात टायपिंग येणारा म्हणून तो भरायचं काम माझ्याकडे. प्रत्येकाच्या नावापुढे ‘विशेष उल्लेखनीय’ असा रकाना आहे, शब्दमर्यादा पंचवीस. बापूआजोबांच्या रकान्यात मी लिहिलं: ‘रेसला जात. पाटल्या गहाण टाकल्या. सुमारे तीस वर्षांच्या शर्यतींच्या हस्तलिखित नोंदी, अकरा वह्या, अंदाज व निकालांसह.’ बाबांनी वाचलं आणि पाटल्यांचं वाक्य काढ म्हणाले. मी म्हटलं, मग अंदाजांचंही काढावं लागेल. फॉर्म अजून पाठवलेला नाही.